गॅरेजमधली कोल्हीण

बाबा वासावरून गाडीचं दुखणं ओळखायचे. गाडी दारात येऊन उभी राहिली की बॉनेट उघडायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी मारायचे आणि सांगायचे, क्लच प्लेट गेलीय, नाहीतर कूलंट लीक आहे. कूलंटचा वास गोडसर असतो, जळक्या क्लचचा वास एकदा नाकात बसला की दुपारपर्यंत जात नाही, आणि गाडी जास्त पेट्रोल खात असेल तर सायलेन्सरमागे उभं राहिलं की डोळेच सांगतात, हे सगळं मला सातवी-आठवीतच माहिती होतं कारण शाळा सुटली की मी थेट गॅरेजवर जायचे आणि घरी परतायचं ते रात्री बाबांच्या स्कूटरवर मागे बसून. मिरजेत मोठ्या रस्त्याला लागून ते गॅरेज होतं, एकतीस वर्षं.

म्हणून पॅट्रिशिया ब्रिग्ज या अमेरिकन लेखिकेचं 'मून कॉल्ड' मी फोनवर उघडलं आणि पहिल्याच पानावर मर्सी थॉम्प्सन नावाची मेकॅनिक बाई गाडीखाली आडवी पडलेली दिसली, आणि समोर आलेला पोरगा वेअरवुल्फ, म्हणजे लांडगा होणारा माणूस, आहे हे ग्रीस आणि जळक्या ऑइलच्या वासात तिच्या नाकाला लगेच कळत नाही असं वाचलं, तेव्हा मी उठून बसले. तोवर अर्बन फँटसी म्हणजे काय ते मला धड माहितीही नव्हतं. आजचं शहर, आजचे रस्ते, बिलं, पोलिस, मोबाईल, आणि त्यातच भाड्याने घर घेऊन राहणारे लांडगे आणि रक्तपिपासू, एवढंच ऐकून होते. पण नाकावर चालणारी आणि हाताला काळं लागलेली बाई पुस्तकात मला पहिल्यांदाच भेटत होती.

ही मर्सीची मालिका आहे, पहिला भाग २००६ चा, दुसरा 'ब्लड बाउंड' २००७ चा. पहिला मी दोन रात्रीत संपवला आणि दुसऱ्याला चौदा महिने हात लावला नाही. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगात तो मिळाला होता, अमेरिकेतलं ते छोटं जाडजूड पेपरबॅक, पानं पिवळी पडलेली, पाठीचा कणा मोडलेला, वर टॅटूने भरलेल्या हातांची बाई (पुस्तकातल्या मर्सीच्या अंगावर टॅटू एकच आहे, पोटावर पंज्याचा ठसा, बाकी सगळं चित्रकाराचं). घेऊन आले आणि उशाच्या कपाटात ठेवलं. मला भीती वाटत होती. पहिल्या भागात सगळं नवीन असतं, माणूस लांडगा कसा होतो, चांदीने त्याला काय होतं, टोळीत कोण कुणाच्या वर, आणि ते शोधण्यातच निम्मी मजा असते. दुसऱ्या भागात ते सगळं आपल्याला माहिती असतं. मग उरतात फक्त ती माणसं, आणि ती पुरेशी निघाली नाहीत तर पहिल्या भागावरचं प्रेमही थोडं उणं होतं, हे माझं बऱ्याच मालिकांच्या बाबतीत झालेलं आहे.

बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर मिरजेला राहायचं होतं, त्यावेळी ते पिशवीत टाकलं. पुढे कथा बऱ्यापैकी फुटणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

मर्सी वेअरवुल्फ नाही. ती वॉकर आहे, म्हणजे तिला कोयोटी होता येतं. कोयोटी हा आपल्या कोल्ह्याच्या आणि लांडग्याच्याच कुळातला, आकाराने आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडा मोठा, उत्तर अमेरिकाभर सापडणारा प्राणी, आणि मी वाचताना डोक्यात सरळ कोल्हीण हाच शब्द धरून चालले. लांडगे होणाऱ्यांना रूप बदलताना हाडं मोडल्यासारख्या वेदना होतात, त्याला बराच वेळ लागतो, आणि चंद्र पूर्ण असला की इच्छा नसतानाही व्हावं लागतं. मर्सीचं तसं नाही. ती क्षणात बदलते, दुखत नाही, चंद्राचा संबंध नाही. पण त्या बदल्यात ती लहान आहे. लांडग्यांमध्ये वाढलेली, मोंटानातल्या डोंगरात त्यांच्या सगळ्यात मोठ्या म्होरक्याच्या गावात, आणि तिथे सगळ्यांना माहिती की ही आपल्यातली नाही. माणसांतही पूर्ण नाही. शेजारी टोळीचा प्रमुख अ‍ॅडम राहतो, मोठ्या घरात, आणि ही समोर ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या तयार घरात. त्याने हुकूम सोडला की त्याच्या खिडकीतून दिसेल अशा ठिकाणी एक भंगार रॅबिट गाडी उभी करून ठेवते आणि राग येईल तसा तिचा एकेक पार्ट काढते. गॅरेजवाल्याच्या मुलीला ते वाचताना काय आनंद झाला ते सांगता येत नाही. भंगारातली गाडी पण कामाला येते, हे बाबा नेहमी म्हणायचे.

तर दुसऱ्या भागात रात्री तिचा मित्र स्टीफन येतो. स्टीफन व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू, आहे, पण त्याच्याकडे जुनी फोक्सवॅगन बस आहे आणि ती त्याने स्कूबी डू या कार्टूनमधल्या गाडीसारखी रंगवून घेतलीय, म्हणून तो मर्सीचा गिऱ्हाईक आणि मित्र. त्याला शहरात नव्याने आलेल्या एका व्हॅम्पायरला भेटायला जायचंय आणि सोबत कोणीतरी हवंय जे लक्षात ठेवेल. तो तिला कोयोटीच्या रूपात, कुत्र्याचा पट्टा बांधून, हॉटेलवर नेतो. समोरच्याला वाटावं की हा सोबत कुत्रं घेऊन आलाय. तो नवीन व्हॅम्पायर, लिटलटन, साधा नसतो, त्याने सैतानाला अंगात घेतलेलं असतं, आणि तो त्या खोलीत हॉटेलच्या एका कामवाल्या बाईला हळूहळू मारतो. स्टीफन खिळून राहतो. आणि नंतर त्याच्या आठवणीत भलतंच बसवलेलं असतं, त्याला वाटतं हे आपणच केलं. खरं काय झालं ते फक्त पट्ट्याला बांधलेल्या त्या कोल्हिणीला माहिती, कारण वॉकरवर व्हॅम्पायरची जादू नीट चालत नाही.

इथे मी पुस्तक मिटवून ठेवलं.

मला आठवलं ते असं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. एक गिऱ्हाईक फियाट घेऊन गेला, दोन दिवसांनी परत आला आणि रस्त्यावर उभं राहून मोठमोठ्याने बोलायला लागला की मिस्त्रींनी माझा चांगला कार्बोरेटर काढून जुना बसवला. आजूबाजूची दुकानं थांबली. बाबा हात पुसत बाहेर आले, कॉटन वेस्टचा गोळा हातात तसाच, आणि एवढंच म्हणाले की साहेब, तुमचा आहे तोच आहे, फक्त साफ केलाय. तो ऐकेना. आणि मी त्या दिवशी पूर्ण वेळ तिथेच होते, ऑइलच्या डब्यांशेजारच्या स्टुलावर गणितं सोडवत, मी बाबांना तो कार्बोरेटर उतरवताना पाहिला होता, पेट्रोलमध्ये बुडवून जेट फुंकताना पाहिला होता, बाजूला पत्र्यावर मांडलेले त्याचे छोटे स्क्रू मी मोजले होते, आणि तोच परत बसला होता. मला सगळं माहिती होतं. कुणी मला विचारलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर शेजारचे काका म्हणाले, तू आत जा बाळ. शेवटी बाबांनी पैसे परत दिले आणि जाऊ दे म्हणाले. रात्री जेवताना त्यांनी फारसं काही खाल्लं नाही.

पुस्तकात पुढे मर्सीला व्हॅम्पायरांच्या दरबारात साक्षीला बोलावतात. तिथे एक खुर्ची आहे, तिच्या हातांवर काटे आहेत, त्यात हात रुतवून बोलायचं, आणि रक्तावरून खरंखोटं कळतं. त्या सगळ्या शेकडो वर्षं जुन्या, तिला एका हाताने मारू शकणाऱ्या लोकांसमोर ती खुर्चीत बसते आणि जे पाहिलं ते सांगते. मला वाटतं या मालिकेचा खरा जीव दुसऱ्या भागात इथे आहे. खोलीतल्या सगळ्यात लहान प्राण्याने सगळ्यात जास्त पाहिलेलं असतं, कारण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि लेखिका त्याची साक्ष नोंदवून घेते. तिचं बळ ती मोठी झाल्याने येत नाही. ती शेवटपर्यंत पंधरा-वीस किलोची कोल्हीणच राहते, आणि लांडगे, ज्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा, ते एकेक करून त्या सैतानाच्या तडाख्यात सापडतात. वॉरेन, जो मला सगळ्यात आवडतो, जुन्या काळातला गुराखी आणि समलिंगी असल्यामुळे टोळीत ज्याला बऱ्याच जणांनी धड जवळ केलं नाही, तो अर्धमेला होऊन परत येतो, आणि त्याचा जोडीदार काइल त्याच्याजवळून हलत नाही. पहिल्या भागात वॉरेन मला आवडला होता. दुसऱ्या भागात मला त्याच्यासाठी भीती वाटली, पान उलटवेना. दुसरा भाग वाचायचा तो यासाठी.

आपल्याकडे रूप बदलणाऱ्यांची काही कमी नाही. मारीच सोन्याचं हरीण झाला ते फसवायला. वातापी मेंढा व्हायचा, इल्वल त्याला शिजवून पाहुण्यांना वाढायचा आणि मग हाक मारून पोट फाडून बाहेर काढायचा, अगस्तींनी तो पचवला तेव्हा ते थांबलं. मला मात्र लहानपणापासून महाभारतातला किंदम ऋषी जास्त लागतो. माणसांसमोर लाज वाटते म्हणून तो बायकोबरोबर हरणाचं रूप घेऊन रानात राहात होता आणि पांडूने शिकार समजून बाण मारला. म्हणजे कुणाला फसवायला नाही, निवांतपणा मिळावा म्हणून घेतलेलं रूप. मर्सी कधीकधी नुसती धावायला म्हणून कोयोटी होते, नदीकाठाने, कुणाच्या मागे नाही, कुणापासून पळत नाही, त्यावेळी मला किंदमाची आठवण झाली, आणि तिच्याबद्दल काळजीही वाटली, कारण शिकारी तिथेही आहेत.

आणि ते गाव. रात्री बाबा झोपले की मी फोनवर नकाशा उघडून बसायचे. केनेविक, पास्को आणि रिचलंड अशी तीन गावं मिळून ट्राय-सिटीज म्हणतात, वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, कोलंबिया, स्नेक आणि याकिमा या तीन नद्या तिथे एकत्र येतात. वॉशिंग्टन म्हटलं की मला हिरवंगार आणि पावसाळी वाटायचं, पण ते कॅस्केड डोंगरांच्या पलीकडचं, समुद्राकडचं. अलीकडे पर्जन्यछायेचा कोरडा माळ, वर्षाला जेमतेम सात-आठ इंच पाऊस. आमच्याकडे सह्याद्रीने पाऊस अडवला की पूर्वेला जत-आटपाडीकडे जे होतं तेच तिथे आणखी कडक. दुसरा भाग उन्हाळ्यात घडतो, शहरात मारामाऱ्या आणि खून वाढतात आणि पोलिस म्हणतात उन्हामुळे लोकांची डोकी फिरलीत, खरं कारण तो सैतान. मे महिन्यात मिरजेत पंख्याखाली ते वाचताना मला ते अगदी पटलं.

रिचलंडला लागूनच हॅनफर्ड आहे. १९४३ साली लोकांना हलवून सरकारने तिथे गुप्त कारखाना उभा केला, तिथल्या बी रिअ‍ॅक्टरमध्ये बनलेलं प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमध्ये होतं, आणि तिथे राबणाऱ्या हजारो माणसांपैकी बहुतेकांना आपण काय बनवतोय ते माहितीच नव्हतं. आजही तिथे जमिनीखाली १७७ टाक्यांमध्ये किरणोत्सारी कचरा आहे आणि साफसफाई चालूच आहे. हे वाचल्यावर मला कळलं की लेखिकेने हेच गाव का धरलं असेल ते मी उगाच शोधत बसायला नको, दिवसा जमिनीखाली काहीतरी झोपलेलं आहे आणि वर लोक आपापल्या कामाला जातायत, ही गोष्ट त्या गावाला कुणी वेगळी सांगायची गरजच नाही.

एका बाबतीत मात्र मी या दोन्ही भागांवर नाराज आहे. मर्सीचा बाप मोंटानातल्या ब्लॅकफीट जमातीचा, रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या खेळांत, उधळत्या बैलावर बसणारा, तिच्या जन्माआधीच गेलेला. तिचं रूप बदलणं त्याच्याकडून आलंय. पण तिला त्या बाजूचं काहीच माहिती नाही, भाषा नाही, गोष्टी नाहीत, तिला जे शिकवलं ते सगळं युरोपातून आलेल्या लांडग्यांनी. दुसऱ्या भागात कळतं की पश्चिमेकडे आलेल्या व्हॅम्पायरांनी वॉकर जवळपास संपवले, कारण वॉकरना भुतं दिसतात आणि भुतं सांगतात व्हॅम्पायर दिवसा कुठे निजलाय. म्हणजे बाहेरून आलेल्यांनी इथल्यांना मारलं, कारण इथल्यांना मेलेल्यांचं ऐकू येत होतं. केवढी मोठी गोष्ट आहे ही, आणि ती चार वाक्यात सांगून कथानक पुढे पळतं. केनेविकच्या नदीकाठी १९९६ साली एका माणसाचा सांगाडा सापडला, सुमारे साडेआठ हजार वर्षं जुना, आणि तिथल्या जमाती म्हणत राहिल्या हा आमचा पूर्वज, आम्हाला पुरायला द्या, आणि काही शास्त्रज्ञ कोर्टात गेले. २०१५ साली डीएनएवरून जमातींचं म्हणणं खरं निघालं आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा मातीत ठेवलं. वीस वर्षं लागली. मर्सीच्याच गावात. पुस्तकं त्या निकालाच्या आधीची आहेत, पण तो वाद तेव्हा चालूच होता, आणि मला मनापासून वाटतं की मर्सीने कधीतरी त्या काठावर जाऊन उभं राहायला हवं होतं.

आणि टोळीतल्या बायका. लांडगीण कितीही तगडी असो, टोळीत तिची जागा नवऱ्याच्या जागेवरून ठरते. अ‍ॅडमने मर्सीला न विचारता तिला टोळीसमोर आपली म्हणून जाहीर करून टाकलंय, तिच्या सुरक्षेसाठी म्हणे. वाचताना माझा राग राग झाला. गॅरेजवर मी कायम मिस्त्रींची मुलगी होते, बँकेत माझी पोस्टिंग झाली तेव्हा गल्लीत मी अमक्यांची वहिनी झाले. मर्सीला पण ते आवडत नाही, ती भांडते, पण लेखिकेला तो नियम मोडायची घाई नाही असं मला वाटलं.

आता ती म्हातारी. मिसेस हॅना. रोज गावात आपली हातगाडी ढकलत फिरणारी, मर्सीच्या गॅरेजशी थांबून दोन शब्द बोलणारी. दुसऱ्या भागात ती एकदा नेहमीसारखी येते, नेहमीसारखं बोलते, आणि मर्सीच्या मग लक्षात येतं की ही तर गेलीय. भूत आहे, पण तिला त्याचं काही नाही, तिचा रोजचा रस्ता आहे आणि ती त्या रस्त्याने चाललीय. सैतान, खुर्ची, रक्त, एवढं सगळं असलेल्या पुस्तकात मला रडू आलं ते इथे.

बाबांनी गॅरेज बंद केलं त्याला आता पाच वर्षं होतील. पुस्तकात झी नावाचा म्हातारा जर्मन कारागीर आहे, परीकुळातला, पण त्या कुळातल्या इतरांना जमत नाही तसा लोखंडाला हात लावू शकणारा, त्याने आपलं गॅरेज मर्सीला विकलं. मर्सी इतिहास शिकलेली, तरी तिने ते घेतलं. मी बीकॉम केलं आणि बँकेत गेले. बाबांनी मला कधी विचारलं नाही आणि मी कधी म्हटलं नाही. जागा भाड्याची होती, आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. पण बाबा रोज सकाळी नऊला शर्ट घालून निघतात, तिथपर्यंत चालत जातात, शेजारच्या पंक्चरवाल्याकडे दहा मिनिटं उभे राहतात आणि परत येतात. डोळ्यावर हिरवी पट्टी असताना डॉक्टरांनी धूळ टाळा सांगितलं होतं, तरी तिसऱ्या दिवशी ते चपला शोधत होते. मी हात धरून नेलं. मोबाईलच्या दुकानासमोर फरशी बसवलीय, पण कडेला जुन्या कोब्याचा एक पट्टा राहिलाय, त्यावर ऑइलचा काळा डाग अजून आहे, पावसाने, उन्हाने, कशानेच न गेलेला. बाबा बरोबर त्या डागावर जाऊन उभे राहिले. एका डोळ्याने.

त्या संध्याकाळी त्यांना वाचता येत नव्हतं, टीव्ही बघायचा नव्हता, तर म्हणाले काय वाचत बसलीस एवढं, सांग तरी. मी सांगितलं. गॅरेजवाली बाई, वास, पट्टा बांधून नेलेली कोल्हीण, साक्ष. ते डोळे मिटून ऐकत होते, मध्येच विचारलं की त्या जुन्या फोक्सवॅगनला इंजिन मागे आणि रेडिएटर नाही, म्हणजे उन्हाळ्यात हेड तापत असणार, ती काय करते त्याचं? मला सांगता आलं नाही. मग त्या म्हातारीचं सांगितलं. ती रोज यायची, ती गेली, आणि तरी एके दिवशी आली.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ती आली तेव्हा गॅरेज उघडं होतं न्हवं?"

हो म्हटलं, उघडं होतं.

"मग बरं," म्हणाले, आणि कुशीवर वळले.